पायगुण

कुरडया वाळत घातल्या की दुपारी गच्चीवर राखणीला बसावं लागतं. आमच्याकडचे कावळे काठीला भीत नाहीत, माणसाला तर नाहीच. यंदा डोक्यावर नातवाची टोपी घालून बसले होते. पुढून पांढरी, नारिंगी झापेची, मधोमध दात न दाखवता हसणारा एक पक्षी. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "हा कुठला हो पक्षी?" म्हटलं, ओरिओल. आपल्या हळद्याचा लांबचा नातेवाईक, निदान नावापुरता. बाल्टिमोरला असतो आणि बेसबॉल खेळतो.

ही टोपी मला बक्षीस मिळाली आहे. आणि कशाबद्दल, ते सांगायची जरा चोरीच आहे.

गेल्या वर्षी सप्टेंबरात लेकीकडे मेरीलँडला होते. नातू बाल्टिमोर ओरिओल्सचा. जावई शिकले लॉस एंजेलिसला, म्हणून डॉजर्सचे. एका घरात दोन पक्ष आणि मी पाहुणी. ओरिओल्स त्या वर्षी आपल्या गटाच्या तळाशी होते, त्यामुळे नातू निवांत. घालवायला काही उरलंच नव्हतं. डॉजर्स आपल्या गटात वर होते, पण ओळीनं चार सामने हरलेले, त्यातला चौथा ५ सप्टेंबरच्या रात्री बाल्टिमोरच्याच मैदानावर, ओरिओल्सकडून, शेवटच्या फटक्यावर. मागून सॅन डिएगोचे पाद्रे येत होते. पाद्रे म्हणजे चक्क पाद्री. असल्या नावाच्या संघाची कुणी इतकी धास्ती घेईल असं मला वाटलं नव्हतं, पण जावई जेवताना फोनवर त्यांचाच स्कोअर बघायचे.

६ सप्टेंबर, शनिवार. टीव्हीवर पुन्हा ओरिओल्स विरुद्ध डॉजर्स. डॉजर्सकडून यामामोतो चेंडू टाकत होता. अंगानं बेताचा, जपानी. मला त्या खेळातलं कळतं ते फलकापुरतं; त्यावर एच म्हणजे हिट. पाचव्या-सहाव्या इनिंगला मी आपलं सहज म्हटलं, "अगंबाई, ह्या एचच्या खाली अजून भोपळाच?"

जावई माझ्याशी कधी आवाज चढवून बोलत नाहीत. तेव्हाही नाही बोलले. नुसतं म्हणाले, "आई, ते बोलायचं नसतं."

मग लेकीनं स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात समजावलं. सत्तावीसच्या सत्तावीस जण बाद करायचे आणि एकालाही हिट, म्हणजे फटका मारून सुखरूप बेस गाठणं, मिळू द्यायची नाही, ही मोठी दुर्मीळ गोष्ट. ती घडत असताना तिचं नाव घेत नाहीत. टाकणाऱ्याच्या संघातले लोकसुद्धा त्याच्याशेजारी बसत नाहीत, त्याच्याशी बोलत नाहीत. मला हे सांगावं लागतंय? आमच्या आजोळी रात्री सापाला जनावर म्हणत. बांगडी फुटत नाही, वाढते. निघताना 'जाते' म्हणायची तर आजही माझी जीभ वळत नाही. अमेरिकेत एवढी वर्षं राहून ह्यांना एक तरी धड रीत लागली म्हणायची.

नातू मात्र सोफ्यावर पालथा पडून "नो-हिटर, नो-हिटर, नो-हिटर" असं रामरक्षा म्हटल्यासारखं म्हणत होता. ते त्या गोष्टीचंच नाव, आणि त्याला ती मोडायचीच होती ना.

नवव्या इनिंगला मी ओट्यापाशी होते. डॉजर्स ३-०. दोन बाद झाले, एकच राहिला, आणि नातवानं हाक मारली, "आजी, ये, शेवटचं बघ!" मी ओल्या हातांनीच दिवाणखान्यात आले. समोर जॅक्सन हॉलिडे, एकवीस वर्षांचं पोर. त्यानं बॅट फिरवली आणि चेंडू उजवीकडच्या भिंतीपलीकडे गेला. जेमतेम गेला, पण गेला.

नातू किंचाळला. जावयांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते न पाहणं मी ओळखलं.

आमच्या ह्यांचंही तसंच होतं. सचिन खेळत असला की मी बाहेर यायचं नाही, हा घरातला कायदा. दोनदा-तीनदा मी आले आणि तो बाद झाला, तेवढ्यावर निकाल लागला. सासूबाई म्हणायच्या, लक्ष्मीच्या पायांनी आली. हे म्हणायचे, क्रिकेटचं तेवढं वगळून. मग मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून सामने ऐकायची. ७ फेब्रुवारी १९९९, रविवार, दिल्लीला पाकिस्तानशी कसोटी. कुंबळेनं नऊ घेतलेले. दहावी त्यालाच मिळावी म्हणून श्रीनाथ स्टंपाबाहेर, लांब लांब टाकतोय, आणि हे खुर्चीतून ओरडतायत, "अजून बाहेर टाक रे बाबा!" मी चहाच्या आधणापाशी. लक्ष्मणनं अक्रमचा झेल घेतला तेव्हा वाड्यात सगळीकडून एकदम आरडाओरडा झाला आणि माझा चहा उतू गेला. एका डावात दहा बळी. मला आठवतो तो शेगडीवर जळलेल्या दुधाचा वास.

तिकडे बाल्टिमोरला पुढे भलतंच झालं. यामामोतोला लगेच काढलं. नंतरच्यांनी एक फटका खाल्ला, एकाच्या अंगावर चेंडू मारला, दोघांना फुकट पहिल्या बेसवर सोडलं, ३-२ झालं, आणि मग एका फटक्यात दोन धावा. ४-३. तासापूर्वी ज्यांना एक हिट मिळत नव्हती ते जिंकले. नातवानं स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. "आजी, तुझ्यामुळे!" जावई पाणी प्यायला उठले ते बराच वेळ आलेच नाहीत.

पुढे वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिकडच्या बेसबॉलची अंतिम मालिका; डॉजर्स तिथवर पोचले होते. सातव्या सामन्याच्या वेळी मी पुण्यात परत आले होते. २ नोव्हेंबरच्या सकाळी लेकीचा फोन. "आई, ते विचारतायत, तू बघत नाहीयेस ना?" नव्हते बघत, नारळ खवत होते. अकराव्या इनिंगला डॉजर्स ५-४ जिंकले. आदल्या दिवशी सहा इनिंग टाकलेला यामामोतोच शेवटी उभा होता म्हणे. जावयांनी फोनवर "थँक्यू आई" म्हटलं, अगदी मनापासून.

त्याच दिवशी संध्याकाळी नवी मुंबईत आपल्या मुलींची क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत होती, दक्षिण आफ्रिकेशी. पावसानं उशिरा सुरू झाली. घरात मी एकटीच. ह्यांच्या आरामखुर्चीत बसले, अगदी टीव्हीसमोर. त्यांच्या वोल्वार्टनं शतक केलं तेव्हा वाटलं उठावं, आत जावं. उठले नाही. पाणी प्यायलाही नाही. मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीत मागे धावत गेली आणि तिनं शेवटचा झेल घेतला, तो मी पाहिला.

जावयांना हे सांगितलेलं नाही.

एवढं आठवेपर्यंत कावळ्यानं दोन कुरडया लांबवल्या. टोपीवरचा पक्षी हसतोच आहे.