झाड लावायचं कोणी, तोडायचं कोणी?

रोपवाटपाचा दिवस होता. बांधावर साग, मधल्या पट्ट्यात पीक असा आराखडा वरूनच ठरून आला होता. पुढे जमीनमालक बसलेले, बायका मागे भिंतीला टेकून. माहिती सांगून झाली आणि मी नावं लिहायला घेतली.

"ताई, मी रान वाट्यानं करते. माझं नाव बसतं का यात?" मागून प्रश्न आला.

यादीत रकाना एकच होता, जमीनमालकाचं नाव. (वाटप मात्र समान! प्रत्येक मालकाला सारखी रोपं. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला किती, हा हिशोब सोपाच.)

"नाव लिहिलं तरी झाड लावायची भीती वाटते," ती म्हणाली. "मालकाला वाटेल, ही जमिनीवर हक्क सांगणार. पुढच्या हंगामाला रान काढून घेईल."

भीती खोटी नव्हती. झाड लावणं म्हणजे कायमचा ताबा, असं अनेक ठिकाणी धरतात, म्हणून कुळांना झाडं लावूच देत नाहीत. त्यात साग तयार व्हायला वीस वर्षं तरी हवीत, आणि हिचा वाटा ठरतो हंगामापुरता. पाणी घालायचं, गुरं हाकायची हिनं, लाकूड दुसऱ्याचं.

मग बायकांनाच विचारलं, कोणतं झाड हवं? सागाचं नाव कोणी घेतलं नाही. चारा, सरपण आणि छाटलं की पुन्हा फुटणारं काहीतरी, एवढंच मागणं. मी गिरीपुष्प सुचवलं. त्याची फांदी खोचली तरी रुजते, मुळांच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, पेरणीआधी छाटलं की पिकावर सावली पडत नाही आणि पाला रानात गाडता येतो. "ताजा पाला गुरं तोंडात धरत नाहीत, वास येतो. थोडा सुकवून घालावा लागतो," एकीनं लगेच भर घातली. हे आमच्या माहितीपत्रकात नव्हतं.

तिच्या रानाचा मालक मधेच म्हणाला, "जमीन माझी, तर झाडही माझंच."

तिथून खरी बैठक सुरू झाली. बुंधा मालकाचा, पाला आणि सरपण कसणारीचं, यावर तो लवकर आला. झाडाच्या जोरावर जमिनीवर हक्क सांगणार नाही, हे लिहून द्यायला ती तयार होती. अडलं ते पुढच्या ओळीवर: ठरलेल्या मुदतीआधी रान काढून घेतलं, तर लावणीची आणि निगराणीची मजुरी द्यायची.

"मुलाला विचारून सांगतो," म्हणून तो उठला.

बाकीच्यांची रोपं वाटली. त्या रानाची नोंद मी यादीत रिकामी ठेवली आणि मालकाच्या रकान्याशेजारी हातानंच दुसरा रकाना आखला: कसणाऱ्याचं नाव.