एसईलिनक्स बंद न करता

आर्वीतलं आमचं ऑफिस जिनिंगच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितं. काट्यावर गाडी चढली की भरलेलं वजन, मग रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, कपात आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी पावती. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात. कोडमध्ये कोणी ८.४ चा ९ करून ठेवला, तर पैसे शेतकऱ्याचे जातात. आणि छापील आकड्याशी तो भांडणार तरी कसा? म्हणून दुसऱ्या कुणाची नजर फिरल्याशिवाय एकही ओळ पुढे जायची नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि आमच्याच सर्व्हरवर रिव्ह्यू बोर्ड, म्हणजे एकमेकांचा कोड तपासायचं सॉफ्टवेअर, बसवायला घेतलं.

सर्व्हर रॉकी लिनक्सचा. अपाची (वेब सर्व्हर), पोस्टग्रेस (डेटाबेस), मेमकॅश्ड (तात्पुरती साठवण) सगळं त्याच मशीनवर. इन्स्टॉलेशन बिनबोभाट झालं आणि ब्राउझरमध्ये मात्र ‘फॉरबिडन’. फायलींच्या परवानग्या बघितल्या, मालकी बघितली, सगळं जागच्या जागी. सीझनचे दिवस, पुढच्या आठवड्यात दोन जिनिंगना नवी आवृत्ती द्यायची, त्यामुळे सगळ्यांचाच धीर सुटत चाललेला. संशय होता एसईलिनक्सवर, म्हणजे नेहमीच्या परवानग्यांच्या वरचा लिनक्सचा आणखी एक पहारा, कुठल्या प्रोग्रॅमने कशाला हात लावायचा हे ठरवणारा.

“ताई, एसईलिनक्स बंदच करून टाका ना जी. नेटवर सगळे तेच सांगून राहिले,” आमचा धाकटा सहकारी म्हणाला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तसा सल्ला जागोजागी मिळतो. पण त्या सर्व्हरवर शेतकऱ्यांची नावं आणि बँक खाती आहेत. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने एसईलिनक्स २००० साली खुलं केलं आणि २००३ मध्ये ते लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आलं. उद्या वेबसाइटमधून कोणी आत शिरलाच, तर अपाचीने कुठवर जायचं ही हद्द एसईलिनक्सनेच आखलेली असते. ती हद्द पुसून पुढे जायला माझं मन तयार नव्हतं.

मी त्याला म्हटलं, “आधी लॉग वाचू.”

ऑडिट लॉगमध्ये कारण सरळ लिहिलेलं होतं. नाकारलं काय, तर ‘रीड’. मागणारा कोण, तर ‘एचटीटीपीडी_टी’, म्हणजे अपाची. आणि ज्या फाइलसाठी मागितलं तिचा शिक्का, म्हणजे एसईलिनक्सने तिला लावलेली खूण, ‘यूजर_होम_टी’. फाइल तर ‘व्हार’मधल्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ फोल्डरमध्ये होती, मग शिक्का घरच्या फोल्डरचा कसा? साइटचं फोल्डर आधी होम डिरेक्टरीत तयार करून मग ‘एमव्ही’ने हलवलं होतं. ‘सीपी’ने कॉपी केली की नवी फाइल नव्या जागेचा शिक्का घेते, ‘एमव्ही’ जुनाच शिक्का सोबत नेते. फाइलींची यादी दाखवणाऱ्या साध्या ‘एलएस’मध्ये हे दिसत नाही, त्याला मोठा झेड जोडावा लागतो. जोडला, आणि सगळ्या रांगेवर ‘यूजर_होम_टी’ दिसलं. जागेप्रमाणे शिक्के परत लावणारं ‘रिस्टोरकॉन’ चालवलं, पान उघडलं.

अपलोडच्या फोल्डरला मात्र तेवढ्याने भागत नाही, तिथे अपाचीला लिहायचंही असतं. त्याच्यासाठी ‘सीमॅनेज’ने वेगळा नियम नोंदवला. ‘सीएचकॉन’नेही शिक्का बदलतो, पण पुढे कधी पूर्ण रीलेबल झालं, म्हणजे सगळ्या फाइलींना नव्याने शिक्के लागले, की तो पुसला जातो.

खरी गोची पुढे होती. डेटाबेस जोडला जाईना. टर्मिनलवरून जोडणी होते, वेबवरून ‘परमिशन डिनाइड’. फायरवॉलवर संशय घेऊन बराच वेळ गेला, पण मशीनची स्वतःशीच होणारी जोडणी फायरवॉल कशाला अडवेल? टर्मिनलवर बसलेला माणूस मोकळा असतो, अपाची चौकटीत असते, फरक एवढाच. लॉगमध्ये पोस्टग्रेसच्या पोर्ट ५४३२ वर ‘नेम_कनेक्ट’, म्हणजे जोडणी, नाकारल्याची नोंद होती.

इथे एकेक नकार काढत बसण्याऐवजी मी फक्त अपाचीला, म्हणजे ‘एचटीटीपीडी_टी’ला, थोडा वेळ परमिसिव्ह केलं. त्यात अडवणूक थांबते, नोंद चालू राहते. बाकी सर्व्हर पहाऱ्यातच. सगळी पानं फिरवून बघितली आणि यादी एकदम हाती आली: पोस्टग्रेसचं पोर्ट, मेमकॅश्डचं ११२११, आणि रिव्ह्यूची मेल पाठवणारी जोडणी. तिन्हींसाठी एसईलिनक्समध्ये तयार बूलियन, म्हणजे चालू-बंद करायचे खटके, आहेत. ‘सेटसेबूल’ला मोठा पी जोडून ते चालू केले, पी नसेल तर रिबूटनंतर सगळं मागे जातं. ‘नेटवर्क_कनेक्ट’ हा मोठा बूलियन मी मुद्दाम बंदच ठेवला. तो चालू केला की अपाचीला कुठल्याही पोर्टवर जायची मोकळीक मिळते.

तेवढ्यात धाकट्याने ‘ऑडिटटूअलाऊ’ शोधून काढलं होतं. “हे तर स्वतःच नियम लिहून देते ताई, काहून एवढी मेहनत करायची?” मी त्याला सकाळचा लॉग त्यात घालायला लावला. निघालेला नियम आम्ही दोघांनी वाचला: अपाचीला ‘यूजर_होम_टी’ वाचू द्या. म्हणजे लोकांच्या होम डिरेक्टरीतल्या तो शिक्का असलेल्या फाइली अपाचीला एसईलिनक्सकडून मोकळ्या. चूक होती एका फोल्डरच्या शिक्क्याची, आणि हे अवजार तिला नियम करून मोकळं होतं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला, मग स्वतःच ती फाइल पुसून टाकली.

परमिसिव्ह काढून घेतलं आणि सर्व्हर रिबूट केला. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे रिबूटनंतर चालतं की नाही हे बघितल्याशिवाय मी कुठलंही काम झालं म्हणत नाही. ‘गेटएन्फोर्स’ने ‘एन्फोर्सिंग’, म्हणजे पहारा चालू, असं सांगितलं, लॉगमध्ये नवा नकार नव्हता, आणि पहिल्या रिव्ह्यूची मेल चौघांनाही पोचली.