वीज केंद्र उशाला असताना स्लॅबवर पॅनेल कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. लग्नात, बाजारात, सोसायटीत मला तेच ऐकावे लागते: २९२० मेगावॉटचे चंद्रपूर महाऔष्णिक केंद्र तासाभराच्या अंतरावर असताना स्लॅबवर तीन किलोवॉटचे पॅनेल कशाला, आणि लावलेच, तर गावाची लाइट गेल्यावर तुमच्याही घरी अंधार कसा?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. वीज शेजारी तयार होते म्हणून ती शेजाऱ्याला आधी मिळत नाही. अतिउच्चदाबाच्या तारा आमच्या वावरांवरून जातात आणि कृषिपंपाला मात्र पाळी लागते. रात्रीच्या पाळीत हरभरा ओलायला निघालेल्या माणसाच्या मनात वाघ असतो.

दुसरा प्रश्न झोंबतो. गेल्या मे महिन्यातल्या वादळात खांब पडले. दुसऱ्या दिवशी आभाळ निरभ्र, पॅनेलवर रणरणते ऊन, आणि आत आजारी आई पदराने वारा घेत पडलेली. ग्रीडचा, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक वीजजाळ्याचा, पुरवठा तुटला की आमच्यासारखा बिनबॅटरीचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र, आपणहून बंद होतो. खांबावर चढलेल्या लाइनमनला घराघरांतून उलट आलेली वीज लागू नये, यासाठीच ती सोय असते. हे मला ठाऊक होते. पण आईने विचारले, ‘‘ऊन त आपलंच हाये ना रे?’’, तेव्हा ते कोणत्या शब्दांत सांगायचे हे मला सुचले नाही. दुपारी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावावे लागले. वाटेत खांबावर लाइनमन दिसला. तो आमच्याच गावचा जावई असल्यामुळे इन्व्हर्टरवर धड रागावताही येईना.

छोटी पवनचक्की सुचवणाऱ्यांना एवढेच सांगतो की वाऱ्याचा वेग निम्मा झाला, तर त्यातली शक्ती अष्टमांश उरते. साताऱ्याच्या पठारावरचा हिशेब आमच्या घरा-झाडांच्या गर्दीत लागू होत नाही.

पॅनेल बसवले तेव्हा ‘आता केंद्राशी संबंध संपला’ असे मी पारावर सांगत असे. तसे सांगणाऱ्या त्या जुन्या ‘मी’शी माझा वाद अजून मिटलेला नाही: रात्री तो हरतो, बिल हाती आले की मी. सौर कृषी वाहिनी योजनेसारखे, गावाजवळच वीज तयार करून पंपांना ती दिवसा देणारे प्रकल्प मला अधिक पटतात, पण म्हणून माझे पॅनेल काढावेत असे मला वाटत नाही. सरकारच्या ७८,००० रुपयांच्या अनुदानानंतरही उरलेला खर्च माझाच होता. आता बॅटरीचे दरपत्रक आणले आहे. आई म्हणते, आधी विहिरीचा पंप.