ऐरोलीची बोट, दोन मुली आणि आजोबांची पाऊणकी

ठाण्याहून मुलींना घेऊन फ्लेमिंगो बघायला निघायचं तर दोन गोष्टी आधी बघाव्या लागतात: खाडीची भरती आणि मुलींची शू. दुर्बीण, कॅमेरा, टोप्या यांचा नंबर त्यानंतर. थोरली आठ वर्षांची आहे, धाकटी चार. बायकोची शनिवारी ड्यूटी असते, त्यामुळे शनिवार सकाळपासून संध्याकाळपर्यंत घर माझ्या ताब्यात. खरं तर मी मुलींच्या ताब्यात असतो.

परीक्षा संपल्या की सोसायटीतले लोक महाबळेश्वर, गोवा असं काय काय बुक करतात. आम्ही मे महिन्यात गावी जातो, पण मधल्या एप्रिलचं काय? माझं ठाम मत आहे की दहा वर्षांखालच्या मुलांची सहल दुपारच्या जेवणाआधी संपावी आणि तिच्यात बघण्याची एकच गोष्ट असावी. घाटात तीन वळणांनंतर गाडी थांबवून पिशवी शोधायची, आणि वर पोचल्यावर मुलींना पॉइंटपेक्षा हॉटेलातली लिफ्ट जास्त आवडायची, हे एकदा सोसलं की माणूस घराजवळच्या जागा शोधायला लागतो. ठाण्याची खाडी तर अगदीच जवळ. तिची रोजची ओळख मात्र पुलावरून जाताना नाकाने होते, डोळ्यांनी क्वचितच.

खाडीचा हा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. एकूण 1,690 हेक्टर, त्यातलं निम्म्याहून जास्त खारफुटीचं जंगल आणि उरलेलं पाणी. 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. ऐरोलीला वनविभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, आणि बोट तिथूनच सुटते. हे पक्षी साधारण नोव्हेंबरात येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. फेब्रुवारी ते एप्रिल हा सगळ्यात चांगला काळ. मेमध्येही दिसतात, पण तेव्हा लहान मुलांना उघड्या बोटीत बसवणं मला तरी जमणार नाही.

आता भरती. बोटीची वेळ दर दिवशी बदलते ती तिच्यामुळे. पूर्ण ओहोटीला जेट्टीजवळ बोट हलण्याइतकं पाणी नसतं. पूर्ण भरतीला सगळा चिखल पाण्याखाली जातो, पक्ष्यांना चरायला जागा उरत नाही आणि त्यातले बरेचसे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळांकडे उडून जातात. आपल्याला हवा असतो तो मधला वेळ: बोट तरंगेल इतकं पाणी आणि पक्षी टेकतील इतका चिखल.

बुकिंग करताना केंद्राकडून वेळ कळतेच, पण कोणत्या शनिवारी सोयीची वेळ मिळेल याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. मुलींच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो असा काढला. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. खाडीच्या आतल्या टोकाला भरती मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा थोडी उशिरा पोचते, तेवढी मिनिटं वर धरायची. कोळीवाड्यात हा हिशेब तोंडपाठ असतो. आजोबांना तो जमतो कारण लहानपणी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी आणि पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, पाठ केलेली. थोरलीला हे इतकं आवडलं की पुढचे काही दिवस ती कोणालाही विचारायची, ‘आज तिथी कुठली?’ आणि उत्तर आलं की भरतीची वेळ सांगून मोकळी व्हायची. दुधवाल्यालाही सांगितली.

आम्ही त्रयोदशीचा शनिवार धरला. तेरा पाऊण पावणेदहा. म्हणजे आठ-साडेआठची बोट, पाणी चढत असताना. ऊन चढायच्या आत परत. शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, त्यामुळे बुकिंग आधीच करा, आणि दर त्याच वेळी विचारून घ्या, कारण ते बदलतात. सोमवारी केंद्र बंद असतं.

ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटांवरून सुटते. मधे दिघा गाव आणि लगेच ऐरोली. गाडीत बसून खिडकीवरून भांडण सुरू होईपर्यंत उतरायची वेळ येते, हा या प्रवासाचा मोठाच गुण. आठवड्याच्या इतर दिवशी सकाळी हीच गाडी ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसांकडे जाणाऱ्यांनी भरलेली असते, तेव्हा मुलींना घेऊन चढू नका. बाबा बरोबर असला की महिलांच्या डब्याची सोय आपोआप बाद होते. थोरलीचं हाफ तिकीट, धाकटी पाच वर्षांखालची म्हणून फुकट. हे तिला समजावून सांगणं हा स्वतंत्र प्रवास होता. ‘ताईला आहे आणि मला का नाही?’ तिकीट मोबाइलवर आहे, ताईच्या हातातही काही नाही, हे दाखवून उपयोग झाला नाही. शेवटी घरातल्या जुन्या पासचं प्लास्टिकचं पाकीट तिच्या गळ्यात अडकवलं. लहान मूल फुकट जाणार असेल तर असं काहीतरी घरूनच घेऊन निघा.

ऐरोली स्टेशनवरून केंद्रापर्यंत रिक्षा मिळते. ‘सेक्टर दहा, फ्लेमिंगो सेंटर’ असं सांगितलं की पुरतं. परतीची रिक्षा दारात मिळेलच असं नाही, म्हणून आमच्या रिक्षावाल्या काकांचा नंबर घेऊन ठेवला.

शूचा विषय आता नीट घेतो, कारण प्रवासवर्णनांत तो कोणी घेत नाही. बोटीवर सोय नसते आणि फेरी साधारण तासाभराची असते. केंद्रात स्वच्छतागृह आहे, तिथे निघण्याआधी जायचंच, ‘नाही आली’ हे उत्तर ग्राह्य धरायचं नाही. पण खरा प्रश्न एकट्या बाबाचा असतो: कुठल्या दारातून आत जायचं? धाकटीला पुरुषांकडे नेता येतं, पण ती आत गेल्यावर जे प्रश्न मोठ्या आवाजात विचारते त्याने रांगेतले सगळे काका अवघडतात. थोरली आता तिकडे पाऊल टाकत नाही, आणि बरोबरच आहे तिचं. आमची पद्धत अशी बसली आहे. आत जाणाऱ्या एखाद्या बाईंना विचारायचं, ‘ताई, या दोघी आत येतायत, जरा लक्ष ठेवाल का?’ आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. उलट एका मावशींनी धाकटीचे हात साबणाने धुऊन, रुमालाने पुसून तिला माझ्या ताब्यात दिलं. दोघींनी हात धरूनच जायचं, कडी लावायची नाही, ताईने दार धरून उभं राहायचं. मी बाहेर थोडा बाजूला उभा राहून मोठ्याने बोलत राहतो, म्हणजे त्यांना बाबा कुठे आहे ते कळतं. बोलायला विषय नसला तर आम्ही पाढे म्हणतो. सहलीला जीन्स आणि बटणं नकोत, इलॅस्टिकची पँट. एक जादा जोड, कागदी साबण आणि रिकामी प्लास्टिकची पिशवी. (मॉलमध्ये बाळाचे लंगोट बदलायची फळी फक्त बायकांच्या बाजूला ठेवणाऱ्यांना बाबा हा प्राणी माहीत नसावा. धाकटी तान्ही असताना मी तिला गाडीच्या डिकीत बदलत असे.)

केसांचंही सांगतो. शाळेच्या दिवसांत वेण्या घालायचं काम माझ्याकडेच असतं, त्यामुळे हा सल्ला अनुभवाचा आहे: पोनी नको, घट्ट वेणी. बोटीला वेग आला की मोकळे केस तोंडात, डोळ्यांत आणि बिस्किटात जातात.

केंद्रातल्या दालनात खारफुटी, खेकडे, मासे, पक्षी यांची माहिती आहे. बोटीआधी तिथे अर्धा तास द्या, नंतर मुली थकलेल्या असतात. लाइफ जॅकेट सगळ्यांनाच घालावं लागतं. मुलांच्या मापाचं मागून घ्या, आणि घातल्यावर खांद्याशी धरून वर ओढून बघा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर माप मोठं आहे.

बोटवाले दादा स्थानिकच होते. ‘पोरींना मधी बसवा, कडेला नको,’ एवढंच बोलले आणि इंजिन सुरू केलं. सुरुवातीला दोन्ही बाजूंना तिवरं होती. त्यांची श्वास घेणारी मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात. त्यांच्यामध्ये निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या. बाजारात टोपलीत बघितलेली निवटी इथे चिखलावर चालतेय हे बघून थोरली काही वेळ फ्लेमिंगो विसरली. पाणी अजून न पोचलेल्या कडेवर एका बाजूची नांगी मोठी असलेले छोटे खेकडे होते. ते नर, मादीच्या दोन्ही नांग्या लहान. वास येतो. सांडपाण्याचाच येतो, त्यात काही सुंदर नाही. पण लहान फ्लेमिंगो जे निळं-हिरवं शेवाळ खातात ते याच पाण्यात वाढतं, आणि त्यांचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. धाकटीने यावरून निष्कर्ष काढला की बीट खाल्लं तर आपणही होऊ. मी तो खोडला नाही. घरी बीट संपत नाही.

वळण घेऊन बोट मोठ्या खाडीत आली आणि पलीकडे, मुलुंड-भांडुपच्या बाजूला, चिखलावर गुलाबी पट्टा दिसला. जवळ गेल्यावर त्याचे पाय वेगळे झाले, मग माना. दादांनी इंजिन बंद केलं. इथे दोन जातींचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. मोठा रोहित थोरलीएवढा उंच, चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. लहान रोहित धाकटीपेक्षाही जरा बुटका, रंगाने गडद आणि चोच काळपट लाल. संख्या लहानांची जास्त. दोघी पक्ष्यांशी आपली उंची मोजायला लागल्यावर मला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. राखाडी दिसतात ती पिल्लं, गुलाबी व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात. चरताना डोकं पूर्ण उलटं करून चोच पाण्यात धरतात आणि पाणी गाळून शेवाळ घेतात. आणि ‘गुडघे मागे वळलेत!’ असं कोणी ओरडलं तर सांगा, तो गुडघा नाही, घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो.

बोटीतल्या एका गृहस्थांना उडणाऱ्या थव्याचा फोटो हवा होता. ते म्हणाले, ‘जरा जवळ घ्या की, उडतील.’ दादा म्हणाले, ‘त्यांचं खाणं चाललंय.’ मग गृहस्थांनी टाळी वाजवली. पक्षी काही उडाले नाहीत, पण थोरलीने त्यांच्याकडे असं बघितलं की पुढची टाळी वाजली नाही. दर वेळी उडावं लागलं तर त्यांचं चरणं मोडतं, आणि पुढे कच्छपर्यंत जायचं असतं. मुलांना हे जाण्याआधी घरीच सांगून ठेवा, बोटीत कुजबुजत सांगणं कठीण.

परतीला बगळे, शेकाट्या आणि एक खंड्या दिसला. ‘अजून किती वेळ?’ हे सारखं विचारणारं बोटीत एकच जण होतं, आणि ते सहप्रवाशांतले एक सत्तरीचे आजोबा होते. त्यांनाही केंद्रातून निघताना ‘नाही आली’ असंच वाटलं असणार.

खायला दशम्या आणि साखरांबा नेला होता. बोटीत काही काढू नका, उतरल्यावर सावलीत बसून खा. पाणी फेरीआधी घोट-घोट, नंतर हवं तेवढं. साडेअकराला आम्ही ठाण्यात परत होतो, आणि जेवून दोघी झोपल्या. मीही.

बोटीचं बुकिंग मिळालं नाही किंवा धाकटं मूल दोन वर्षांचं असेल, तर नेरूळ-सीवूड्सला पाम बीच रोडच्या बाजूला डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) शाळेमागचा तलाव आहे. तिथे काठावरून चालत फुकट बघता येतात. फक्त हिशेब उलटा करायचा: खाडीत पूर्ण भरती असते तेव्हा पक्षी तलावावर येण्याची शक्यता जास्त, म्हणजे पाऊणकीतून जी वेळ निघेल नेमकी त्याच वेळी जायचं. सकाळ-संध्याकाळची वेळ साधायची तर नवमी-दशमीच्या आसपासचे दिवस बघा. तलावाच्या काठावर मात्र स्वच्छतागृह नाही. सीवूड्स स्टेशनला लागूनच मॉल आहे, आधी तिथे जाऊन या.