गोदावरी उलटी वाहते तेव्हा

कोजागरीनंतरचा रविवार, रात्री अकरा

संध्याकाळी दुतोंड्या मारुतीपाशी बसले होते. पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून आम्ही नाशिककर पूर मोजतो. आज पात्र शांत होतं. डोक्यात मात्र गणपतीतलं भांडण.

दादाची निफाडला द्राक्षबाग. ताई पैठणकडे दिलेली, दाजींची मोसंबी. नाशिकच्या धरणांतून खाली पैठणच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायचा विषय निघाला आणि ताटं तशीच राहिली. दादा म्हणाला, आमच्याकडचा पाऊस, आमची धरणं. दाजी म्हणाले, नदी काय तुमच्या दारात संपते? जायकवाडी १०२ टीएमसीचं, नाशिकचं गंगापूर जेमतेम साडेपाचाचं, २००५चा कायदा, वरच्या-खालच्या धरणांत पाण्याचं समन्यायी वाटप... दोघांनाही सगळं पाठ. तसूभर कुणी हललं नाही. ताई भांडी घासत राहिली.

म्हणून गोष्ट लिहायला घेतली. २०२१ला इथल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते, तेव्हापासून विज्ञानकथेचं वेड लागलंय. माझ्या गोष्टीत बदल एवढाच: दर सिंहस्थाला गोदावरी दिशा बदलते. बारा वर्षं पैठण वर, नाशिक खाली, टेलला. बाकी तीच छाटणी, तीच आवर्तनं, तेच मोर्चे.

रामकुंडावर माणसं पैठणहून पाणी सुटायची वाट बघतात, हे लिहिताना हात थांबला. ती माझी माणसं होती. ताईचा उन्हाळा मला पहिल्यांदा अंगाला लागला.

खरी गंमत अकराव्या वर्षात आहे. पुढच्या वर्षी नदी फिरणार हे सगळ्यांना ठाऊक. आज जो वर बसलाय तोच उद्या खाली असणार. तेव्हा कायदा लिहायला बसलेली माणसं काय लिहितील? मला वाटलं, आपसूक नीट लिहितील. दोन्ही गावांची एकच बैठक रंगवली, पाच पानं, आणि मनापासून आवडली.

रात्री दादाला फोनवर वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आणि ऐंशीचा म्हातारा? त्याला पुढची पाळी बघायचीच नाही. त्यानं का सोडावं पाणी?"

बैठकीत असा कुणी बसवलाच नव्हता मी. आता बसवलाय, दाराजवळ, हातात छाटणीची कात्री. अजून तो बोलत नाहीये. उद्या ताईला फोन करून विचारते, तिच्या सासऱ्यांनी काय म्हटलं असतं.