बावन्नातून सदतीस

तिसरीच्या गणिताच्या घटक चाचणीत दोघांना 25 पैकी 11 पडले होते. टक्के 44, श्रेणी क-2. तक्त्यात दोघं एकाखाली एक आणि जादा तासाच्या यादीतही एकाच गटात. मुलीची आई विड्या वळते, मुलाचे वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे, आहेत. नावं देत नाही. मुलीला घरी चिन्नी म्हणतात, इथेही तेच चालवते. मुलाला बाळू म्हणू.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. माध्यम मराठी, पण मधल्या सुट्टीत मैदानात उभं राहिलं तर तेलुगू, कन्नड, दखनी उर्दू आणि मराठी अशा चारही भाषा कानावर पडतात, आणि भांडण सुरू झालं की चारही एकाच वाक्यात. वर्गात 38 मुलं. निम्म्याहून जास्त घरांत तेलुगू बोलतात. पिढ्यान् पिढ्या इथेच राहिलेली पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाची, घरं आहेत ही. मुलांचे आजोबा-पणजोबा सोलापूरच्या गिरण्यांत आणि हातमागांवर राबलेले. त्यांना 'बाहेरून आलेली' म्हणणाऱ्याला आमच्या गल्लीत कुणी चहासुद्धा विचारणार नाही.

चाचणी मी अर्धी फळ्यावर लिहून आणि अर्धी तोंडी सांगून घेते. यामागे काही थोर शिक्षणशास्त्र होतं असं नाही, झेरॉक्सचे पैसे वाचतात. त्या शनिवारी सकाळची शाळा सुटली, मुलं पळाली आणि मी गुण भरायला बसले. तिसरी-चौथीला आकारिक मूल्यमापनाला (वर्षभर चालणाऱ्या) 60 आणि संकलितला (सत्राच्या शेवटच्या परीक्षेला) 40 असा भारांश आहे. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासूनची ही विभागणी. मूल वर्षभर कसं शिकतंय ते बघत राहावं, नुसती शेवटची परीक्षा घेऊन मोकळं होऊ नये, असा त्यातला विचार, आणि तो मला आजही पटतो. आठ साधनतंत्रं दिलेली आहेत, दैनंदिन निरीक्षणापासून स्वाध्यायापर्यंत. पण शाळेच्या धबडग्यात त्याचं काय होतं ते शिक्षकांना सांगायला नको. वर्णनात्मक नोंदींची एक पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरत असते. 'गणिती क्रिया समजून घेतो', 'उदाहरणे अचूक सोडवतो', 'दैनंदिन व्यवहारात गणिताचा वापर करतो'. मुलगी असेल तर 'घेतो'चं 'घेते' करायचं, संपलं.

तर गुण भरताना एका उदाहरणापाशी माझी पेन थांबली. तोंडी सांगितलेलं होतं: बावन्नातून सदतीस वजा करा. उत्तर 15. बाळूचं उत्तर 25, चिन्नीचं 48.

बाळूचं लगेच कळलं. ही चूक प्राथमिकच्या प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीची आहे. दोनातून सात जात नाहीत, मग तो सातातून दोन घालवतो. पाच उरले. दशकात पाचातून तीन गेले, दोन. झाले 25. हातचा घ्यायची भानगडच नको. त्याच्या पेपरात हातच्याची प्रत्येक वजाबाकी याच वाटेने गेलेली, फळ्यावरची असो की तोंडी. बिनहातच्याच्या सगळ्या बरोबर. म्हणजे मुलगा बेशिस्त नव्हता, उलट फारच शिस्तीने चुकत होता.

पण 48? बावन्नातून काहीही वजा करा, हातचा घ्या नाहीतर विसरा, 48 यायचं कारण नाही. पहिल्यांदा वाटलं शेजारणीचं बघून लिहिलंय. शेजारणीचा पेपर काढला, तिचं 15 होतं. मग चिन्नीचं कच्चं काम बघितलं. कोपऱ्यात 25 लिहिलेलं, त्याखाली 73, दोन्हींवर काट. बाजूला पुन्हा नीट मांडणी: वर 73, खाली 25, सातावर काट मारून सहा, तिनाचे तेरा, उत्तर 48. म्हणजे वजाबाकी अगदी बरोबर, हातच्यासकट. फक्त ती माझ्या संख्यांची नव्हती.

बावन्न ऐकून तिने 25 लिहिले होते, सदतीस ऐकून 73. मग पंचविसातून त्र्याहत्तर कसे जातील, म्हणून शहाणपणाने वरखाली केलं होतं. (नंतर बसून बघितलं तर हातच्याची कुठलीही वजाबाकी अंक उलटवून लिहिली की लहानातून मोठी संख्या वजा करायची वेळ येतेच. तुम्हीही करून बघा.) मग सगळा पेपर त्या नजरेने परत तपासला. फळ्यावर लिहून दिलेलं जवळपास सगळं बरोबर. तोंडी सांगितलेलं सगळं चूक, अपवाद दोनच: सहासष्ट आणि ऐंशी. सहासष्ट उलटवलं तरी सहासष्टच, आणि ऐंशीत उलटवायला काही नाही.

शाळेतल्या मावशी वर्ग झाडायला आल्या होत्या. त्यांच्या घरी तेलुगू. आणि चिन्नी अजून शाळेतच होती, फाटकाशी आईची वाट बघत. तिची आई वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन येताना तिला घेऊन जाते. मी पोरीला आत बोलावलं, पाटी दिली आणि मावशींना म्हटलं, "मावशी, मी कागदावर आकडे लिहून देते, तुम्ही ते हिला तुमच्या भाषेत सांगा. मराठीत एकही नको."

"मी? मला काय शिकवाय येतंय ओ बाई?"

"शिकवू नका. नुसतं सांगा."

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला, कागद हातभर लांब धरला आणि सांगायला लागल्या. याभै रेंडु. चिन्नीने लिहिलं 52. मुप्पै एडु. 37. नलभै एडु. 47. अरवै मूडु. 63. आमच्याकडे वर न बघता ती भराभर लिहीत गेली. एकही चुकली नाही. मग तेच आकडे मी मराठीत सांगितले. पहिल्यालाच 25. मावशी हसायलाच लागल्या. "अगं, आत्ता तर बरोबर लिव्हलीस की!"

तेलुगूत आधी दशक बोलतात, मग एकक. याभै म्हणजे पन्नास, रेंडु म्हणजे दोन. कानावर पडेल त्या क्रमाने डावीकडून लिहीत गेलं की संख्या बरोबर उतरते. कन्नडचंही तसंच. मराठीत मात्र सत्तेचाळीसमधला सात आधी ऐकू येतो आणि चाळीस मागून. दखनी बोलणाऱ्या मुलांना हा त्रास नसतो, त्यांच्या सैंतालीसमध्येही सातच पुढे. चिन्नी तेलुगूच्या सवयीने मराठी लिहीत होती. पुढे वाचनात आलं की जर्मनमध्येही एकक आधी बोलतात, आणि तिथली पहिलीची मुलं याच पद्धतीने अंक उलटे लिहितात, त्यावर रीतसर अभ्यास झालेले आहेत. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत टिंगल पोहोचली. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा सांगत होत्या की लहान मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो. स्टाफरूममध्ये आम्हीही पोट धरून हसलो होतो. त्या दिवशी पाटीवरचं 25 बघताना ते हसणं आठवलं.

एवढ्यात चिन्नीची आई आली. रिकामी पिशवी खांद्याला, बोटं तंबाखूने पिवळी. मी सांगायला लागले तर त्यांचा चेहरा उतरला, पोरगी नापास झाली असंच त्यांना वाटलं. म्हणाल्या, "घरी तर बरोबर मोजतीय की बाई. कट्टे तीच मोजतीय." पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार. त्यांची मजुरी हजारावर ठरते, त्यामुळे घरात मोजणीला फार मान. चिन्नीला विचारलं, बारा कट्ट्यांच्या किती? "तीनशे," लगेच उत्तर. तेही मराठीत! पण तीनशे ऐकताना-बोलताना काहीच उलटत नाही ना. आईला एवढंच सांगितलं की हिचं गणित पक्कं आहे, मराठी आकडा ऐकून लिहिताना घोटाळा होतोय, आणि तो मी बघते. त्या "बरं" म्हणाल्या आणि मावशींशी तेलुगूत काहीतरी बोलून निघाल्या. ते काय होतं हे मावशींनी मला अजून सांगितलेलं नाही.

मग मी सगळेच पेपर परत काढले. या वेळी गुण झाकून, फक्त चुका बघायच्या. टेबलावर गठ्ठे पडत गेले. उलट लिहिणारे पाच निघाले, आणि इथे माझा सिद्धान्त लगेच लंगडा झाला. पाचातला एक मुलगा घरी अस्सल मराठी बोलणारा, आणि तेलुगू घरांतली बहुतेक मुलं सरळ लिहीत होती. बालवाडीपासून मराठी कानावर पडलेलं असेल, नाहीतर मोठ्या भावंडांनी शिकवलं असेल. आडनाव बघून गट पाडले असते तर पंधरा-सोळा मुलांना नको ते औषध आणि एकाला औषधच नाही, असं झालं असतं. बाळूसारखे आठ-नऊ निघाले. एकोणपन्नासचे 59 करणारे आणखी वेगळे, आणि त्यात मराठी घरांतली मुलं भरपूर. पन्नास ऐकू आलं की पाच, आणि नऊ कुठूनतरी आठवतो. शाब्दिक उदाहरण वाचताच न येणारी चार होती. ते गणिताचं दुखणंच नव्हे. आणि एक पूर्ण गुणांची मुलगी, जिला "हातचा का घेतला?" विचारल्यावर म्हणाली, "क्लासच्या बाईंनी तसंच करायला सांगितलंय." तिला कुठल्या गठ्ठ्यात टाकायचं ते मला तेव्हा कळलं नाही.

प्रत्येक मुलागणिक वेगळं शिक्षण हा शब्दप्रयोग प्रशिक्षणात ऐकला की मला धाप लागायची. 38 मुलं, एक बाई, त्यात पोषण आहाराची नोंद, शिष्यवृत्तीची माहिती आणि शासनाच्या चॅटबॉटवर भरायचे गुण. 38 पाठ टाचणं कोण काढणार? पण चुका मोजल्या तर त्या 38 नसतात, पाच-सहाच निघतात. तेवढे गट परिपाठानंतरच्या वीस मिनिटांत सांभाळता येतात, एका दिवशी दोनच गट जवळ घ्यायचे, बाकीच्यांना काम लावून द्यायचं.

चिन्नीच्या गटाला मी दोन घरांची चौकट आखून दिली, दशक आणि एकक. सत्ते ऐकू आलं की सात उजव्या घरात, चाळीस ऐकू आलं की चार डाव्या. म्हणजे चक्क उजवीकडून लिहायचं. सोबत दोन्ही बोलायचं: चाळीस सात, सत्तेचाळीस. मावशींचं तेलुगूही मधूनमधून. बाळूच्या गटाला चौकटीचा उपयोग नव्हता, त्यांना खराट्याच्या काड्या दिल्या. दहाची जुडी, रबर लावलेली. पाच जुड्या, दोन सुट्या, आता सदतीस मला दे. बाळूने तीन जुड्या दिल्या, दोन सुट्या दिल्या आणि हात पुढे करून बसलेल्या माझ्याकडे बघत राहिला. "अजून पाच," मी म्हटलं. कागदावर जो मुलगा बिनदिक्कत सातातून दोन घालवत होता, त्याला काड्यांत तसं करताच येईना. थोडा वेळ जुडी हातात फिरवली, मग रबर काढलं. मी काही बोलले नाही. बोलायचं नाही हे फार जड जातं आम्हा शिक्षकांना.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा शेवटच्या तासाला सगळ्यांना एकच उदाहरण देते, वहीच्या पाव पानावर. त्यावर गुण लिहीत नाही. रूथ बटलर या संशोधिकेने 1988 मध्ये दाखवलं होतं की नुसता शेरा दिलेली मुलं सुधारली, आणि शेऱ्यासोबत गुणही दिले तर शेऱ्याचा फायदा गेला. माझ्या वर्गात त्याचा पडताळा रोज येतो. गुण दिसला की पोरं शेजाऱ्याचा बघतात आणि चिठ्ठीचं विमान होतं. सुरुवातीला "बाई, किती मार्क?" चालायचं. आता विचारतात, "बाई, मी आज कुठल्या गटात?" गट कायमचा नसतो, हे मी मुद्दाम दाखवत राहते. ती पूर्ण गुणांची मुलगी सध्या काड्यांच्या गटात आहे, तिच्या आईला ते आवडलेलं नाही.

चिन्नीच्या नोंदीत मी लिहिलं: 'मराठीत ऐकलेली दोन अंकी संख्या लिहिताना एकक-दशक उलटते, तेलुगूत सांगितल्यास अचूक लिहिते, हातच्याची वजाबाकी पक्की.' तपासणीत एक साहेब त्यावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, हे वाक्य कुठल्या पुस्तिकेतलं?" पुस्तिकेतलं नाही म्हटलं तर त्यांनी वही पुढे सरकवली. चांगलं की वाईट, काहीच बोलले नाहीत.

चौकटीशिवाय लिहायला चिन्नीला दिवाळी उजाडली, आणि घाई असली की त्रेसष्टचे 36 अजूनही होतात. बाळू दोन अंकीत सुटला, पण 500 मधून 268 वजा करायला दिले की पुन्हा जुन्या वाटेने जातो, कारण सुट्या नाहीत आणि दहाच्या जुड्याही नाहीत. त्याला शंभराचा गठ्ठा सोडावा लागणार. त्याच्या गटाला असे पाच गठ्ठे बांधायला बसवलंय, आणि मावशी रोज येऊन सांगतात की खराटा आता झाडण्याच्या लायकीचा राहिलेला नाही.