अंडी, गाडलेली तलवार आणि नदीत फेकलेला पाद्री: प्रागचा चार्ल्स ब्रिज

प्रागला आमच्याकडे पाहुणे आले की चार्ल्स ब्रिजवर न्यावंच लागतं, सुटका नाही. मी सगळ्यांना पहाटेच उठवते, कारण नऊ-दहानंतर तिथे नुसती धक्काबुक्की असते आणि पूल दिसतच नाही, दिसतात फक्त सेल्फी स्टिक.

तर सुरुवात मुहूर्तापासून. कारेल (म्हणजेच चार्ल्स) चौथ्या राजाने या पुलाचा पहिला दगड बसवला 1357 साली, 9 जुलैला, पहाटे 5 वाजून 31 मिनिटांनी असं इथला प्रत्येक गाईड सांगतो. वर्ष, तारीख, महिना, वेळ ओळीने लिहा: 1 3 5 7 9 7 5 3 1. उलटं वाचा, सुलटं वाचा, तेच! राजाला ज्योतिषाचा नाद होता हे खरंय, पण ही मिनिटासकट वेळ कुठल्या जुन्या बखरीत नाही, ती विसाव्या शतकातल्या एका खगोल अभ्यासकाने मांडलेली. तरी पाहुणे खूश होतात, मी पण मोडता घालत नाही.

आधी इथेच युडिथ ब्रिज होता, तो 1342 च्या पुरात व्लतावा नदीने नेला. त्यामुळे नवा पूल पक्का हवाच होता, आणि म्हणून म्हणे चुन्यात अंडी घातली (आपल्याकडे किल्ल्यांच्या चुन्यात गूळ घातल्याचं सांगतात ना, त्यातलाच प्रकार). प्रागमधली अंडी पुरेनात म्हणून राजाने गावोगावहून मागवली, तर वेल्व्हरी गावच्या लोकांनी वाटेत फुटू नयेत म्हणून ती चक्क उकडून पाठवली! त्या गावाला अजून चिडवतात यावरून. बरं एवढी अंडी खाऊनही पूल काही अभेद्य झाला नाही, 1890 च्या पुरात वरून वाहत आलेले ओंडके अडकून तीन कमानी कोसळल्याच.

पुलाच्या मध्याजवळ यान नेपोमुकचा पुतळा आहे, डोक्याभोवती पाच तारे. 1683 मध्ये बसवला, म्हणजे आज जे 30 पुतळे दिसतात त्यांतला अगदी सुरुवातीचा. खाली ब्राँझच्या दोन पट्ट्या आहेत, सगळ्या काळ्या पडलेल्या, पण लोकांनी हात लावून लावून एकीवरचा कुत्रा आणि दुसरीवरचा नदीत पडणारा पाद्री सोन्यासारखा चकचकीत केलाय. हात लावला की इच्छा पूर्ण होते म्हणे, रांग असते चक्क. दंतकथा अशी की हा राणीचा कबुलीजबाब ऐकणारा पाद्री, राणीने काय पापं सांगितली ते राजा वाक्लाव चौथ्याला हवं होतं, याने तोंड उघडलं नाही म्हणून त्याला पुलावरून नदीत फेकलं, आणि तो बुडाला तिथे पाण्यावर तारे चमकले.

खरं कारण शुद्ध राजकारण. राजा आणि आर्चबिशप (इथल्या चर्चचा मुख्य) यांचं हाडवैर, त्यात क्लाद्रुबीच्या मठाचा नवा प्रमुख राजाला न विचारता मंजूर केला गेला, आणि तो मंजूर करणारा अधिकारी होता हा नेपोमुक. आर्चबिशप निसटला, हा सापडला. 1393 मध्ये छळ करून नदीत टाकला बिचाऱ्याला. मला तर हीच गोष्ट जास्त भिडते, साहेबांच्या भांडणात हाताखालचा माणूस जातो! पण 1729 मध्ये संतपद मिळेपर्यंत राणीवाली गोष्टच पक्की झाली होती. गंमत म्हणजे थडगं उघडलं तेव्हा त्याची न कुजलेली जीभ सापडली असं मानलं गेलं, आणि 1970 च्या दशकात तपासल्यावर ती जीभ नव्हे, मेंदूचा भाग निघाला.

माला स्त्राना या किल्ल्याखालच्या भागाच्या बाजूला, पुलाच्या जरा बाहेर, ब्रुंत्स्विक नावाच्या शिलेदाराचा पुतळा उभा आहे. त्याची जादूची तलवार म्हणे पुलात गाडलीय, आणि देशावर सगळ्यात मोठं संकट येईल तेव्हा देशाचा रक्षक संत वाक्लाव (वरचा राजा नव्हे) ब्लानिक डोंगरातून झोपलेली फौज घेऊन येईल, पुलावर त्याचा घोडा ठेचकाळेल आणि तलवार वर येईल. आता या देशाने 1939 मध्ये हिटलर पाहिला, 1968 मध्ये रशियन रणगाडे पाहिले, घोडा काही ठेचकाळला नाही. याहून मोठं संकट कुठलं ते त्या घोड्यालाच ठाऊक.

अजून एक, पुलावरचे बरेचसे पुतळे आता नकला आहेत. मूळ दगडी पुतळे बघायचे तर प्रागच्याच होलेशोवित्से भागातल्या लापिदारियम म्युझियममध्ये जायचं, निघायच्या आधी उघडं आहे का तेवढं बघा.